मोर्गेदालचा सोंद्रे

नॉर्वेच्या दक्षिण भागात टेलेमार्क नावाचा डोंगराळ प्रांत आहे. मोर्गेदाल हे त्यातील एक लहानसे खोरे. तेथे राजवाडा नाही, विद्यापीठ नाही, मोठी बाजारपेठ नाही. पाइनच्या रानात विखुरलेली लाकडी घरे आणि वर्षातील कित्येक महिने अंगणापासून डोंगरमाथ्यापर्यंत पसरलेले बर्फ, एवढेच तेथील वैभव. परंतु हिवाळी ऑलिंपिकच्या बातम्यांत स्लॅलम हा जो शब्द आपण वाचतो, तो याच मुलखातील शेतकऱ्यांच्या बोलीतला आहे. पायांना दोन फळ्या बांधून उतरणाऱ्यांच्या स्कीच्या शर्यतीत तो आहे आणि एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून उतरणाऱ्यांच्या स्नोबोर्डच्या शर्यतीतही तो आहे. हा शब्द ज्याच्या कसबामुळे खोऱ्याबाहेर पडला, त्या माणसाचे नाव सोंद्रे नॉरहाइम. तो सरदार नव्हता, सैनिक नव्हता, सावकाराचा मुलगाही नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे ते एक कूळ होते.

सोंद्रेचा जन्म १० जून १८२५ रोजी ओव्हरबो नावाच्या खोपटात झाला. त्याच वर्षी ४ जुलैला स्टाव्हांगर बंदरातून एक छोटे गलबत ५२ माणसे घेऊन अमेरिकेला निघाले, आणि नॉर्वेतून अमेरिकेकडे जाणाऱ्या लोकांचा ओघ तेथून सुरू झाला. पुढील शंभर वर्षांत आठ लाखांच्या वर लोक या वाटेने गेले. पाळण्यातल्या पोराचा त्या गलबताशी काही संबंध नव्हता. पण त्या वाटेने त्यालाही एक दिवस जावे लागणार होते.

नॉरहाइम हे त्याचे जन्माचे नाव नव्हे. नॉर्वेतील खेड्यांत माणूस ज्या वस्तीवर राही, तिचे नाव त्याला लागे. वस्ती बदलली की नावही बदलावयाचे. आपल्याकडील करान्त आडनावांची रीत बरीचशी अशीच. फरक इतकाच की आपली आडनावे गाव सुटले तरी सुटत नाहीत. इंदूर-बडोद्यात सात पिढ्या काढलेली घराणी अजून कोकणातल्या एखाद्या वाडीचे नाव लावतात. सोंद्रे पुढे संसार थाटून निरनिराळ्या वस्त्यांवर राहिला. त्यांपैकी नॉरहाइम या वस्तीचे नाव त्याला चिकटले, आणि परदेशी त्याने तेच चालविले. १८५४ साली त्याचे रान्नेई या मुलीशी लग्न झाले. घर मुलाबाळांनी भरले. शेताचा तुकडा खडकाळ आणि तोही मालकाचा. सोंद्रे मजुरी करी, सुतारकाम करी. हातात कसब होते, पैसा नव्हता.

बर्फावर फळ्या बांधून चालणे ही नॉर्वेत काही नवी गोष्ट नव्हती. हजारो वर्षांपूर्वीच्या खडकांवर अशी माणसे कोरलेली सापडली आहेत, आणि तेथील जुन्या देवतांतही स्कीवर फिरणारे देव आहेत. रानातून लाकूड आणायचे, शिकार करायची, शेजारच्या वस्तीवर निरोप पोचवायचा, तर हिवाळ्यात दुसरा उपाय नसे. या फळ्या लांबलचक असत. पायाचा चवडा एका पट्ट्यात अडकवावयाचा आणि टाच मोकळी सोडावयाची, अशी पद्धत. सपाट जमिनीवर हे चालून जाई. उतारावर मात्र फळी पायातून निसटू नये म्हणून बेताने जावे लागे. माणसे हातात एक लांब दांडा धरीत आणि तो दोन पायांमध्ये घालून, त्यावर अंगाचा भार टाकून वेग आवरीत. वळणे, उडी मारणे, खाली येऊन पुन्हा तोल सावरणे या गोष्टी त्या साधनाने बेताच्याच व्हायच्या.

सोंद्रेने टाच बांधली. विलोच्या, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या पिळून त्यांचा वेढा त्याने टाचेभोवती आणला. हे बंधन लवचिक होते. टाच वर उचलता येई, पण फळी पायाला सोडून जात नसे. दुसरी गोष्ट फळीच्या आकाराची. त्याने वापरलेली फळी पूर्वीपेक्षा आखूड होती आणि तिला कंबर होती. दोन्ही टोकांना रुंद आणि पायाखाली बारीक. अशी फळी एका काठावर कलली की तिचा वक्र काठ बर्फात एक चाप रेखतो आणि माणूस त्या चापावरून आपोआप वळतो. दांडा रेटण्याची गरज उरत नाही. गुडघा वाकवावा, अंग कलवावे, वळण साधते. आजची कारखान्यात तयार होणारी कोणतीही स्की पाहा, कोणताही स्नोबोर्ड पाहा, त्याला ही कंबर आहेच.

येथे थोडे थांबून एक सांगितले पाहिजे. टाचेचे बंधन आणि कंबरेची फळी ही दोन्ही एकट्या सोंद्रेने शून्यातून निर्माण केली असे मोर्गेदालचे अभिमानी लोक सांगत आले. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की दोन्ही गोष्टींचे नमुने त्याच्या आधीही इतरत्र होते. मला याचे आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडेही जुनी चीज कानी पडली की ती तानसेनाच्या नावावर टाकण्याची सवय आहे. परंतु याने सोंद्रेचे महत्त्व कमी होते असे मानू नये. साधने चार ठिकाणी विखुरलेली असतात. त्यांतून काय निघू शकते हे करून दाखविणारा एखादाच असतो. टाच बांधलेली फळी घेऊन लोक पूर्वी लाकडे आणीत असतील. सोंद्रे घराच्या छपरावरून उडी घेऊन उतारावर येई, असे सांगतात.

मोर्गेदालमध्ये बर्फावरून उतरण्याच्या मार्गाला लोम म्हणत. लोम म्हणजे माग, फळ्यांनी बर्फात पाडलेली वाट. आणि जशी वाट तसे तिचे नाव. बेताच्या उताराला तेथील बोलीत स्ला म्हणतात. तेव्हा बेताच्या उतारावरून वळणे घेत जाणारी वाट ती स्लालोम. हाच आपला स्लॅलम. पोरे या वाटेवर शिकत. उड्या असलेली वाट ती होप्पेलोम. कड्यावरून झेप घ्यावी लागे ती उफ्सेलोम. उंचसखल टेकाडांवरून आदळतआपटत जाणारी ती क्नाइकेलोम. आणि ज्या वाटेवर झाडे, कडे, उड्या, टेकाडे सारे एकत्र येई आणि जिच्यावर जाणाऱ्याला जिवाची पर्वा नाही असे घरची माणसे म्हणत, ती उव्हिर्दस्लोम, म्हणजे बेफिकीरीची वाट. सोंद्रे या साऱ्या वाटांवरून जाई. त्याच्या काळी कोणी एकाच वाटेचा खेळाडू नसे. कोणता उतार समोर येतो त्यावर काय करायचे ते ठरे.

संगीताशी संबंध असलेल्या वाचकांना हे चटकन उमजेल. ग्वाल्हेरची गायकी अष्टांगाची म्हणतात. आलाप, बोलतान, गमक, मींड, लयकारी, सारे एका गळ्यात आणि एका ख्यालात यावे अशी तिची अपेक्षा. त्यांतले एकच अंग उचलून त्यावर नाव कमावणारे पुढे झाले आणि तेही मोठेच झाले. पण मूळ बैठकीत या अंगांची वाटणी नव्हती. सोंद्रेच्या उतारावरही वाटणी नव्हती. आणि गायकीला जसे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशी गावांची नावे पडली, तशीच बर्फावरील वळणांनाही पडली. एक पाय पुढे सरकवून, मागचा गुडघा वाकवून घ्यावयाच्या वळणाला टेलेमार्क म्हणतात. दोन्ही फळ्या समांतर ठेवून झटक्यात फिरण्याला ख्रिस्तियानिया. पहिले नाव सोंद्रेच्या प्रांताचे आणि दुसरे राजधानीचे. गंमत अशी की सोंद्रेला दोन्ही येत होती असे जाणते लोक म्हणतात.

१८६६ साली जवळच्या होयदाल्समो गावी उड्यांची स्पर्धा भरली. बक्षिसे लावून झालेली, नोंद असलेली ही अशा प्रकारची पहिली सार्वजनिक स्पर्धा समजली जाते. ती सोंद्रेने जिंकली. त्याची कीर्ती राजधानीपर्यंत गेली. ख्रिस्तियानिया हे तेव्हा राजधानीचे नाव. १९२५ पासून ते ओस्लो झाले. तेथे १८६७ पासून स्कीच्या स्पर्धा भरू लागल्या होत्या. पुढच्या वर्षी, १८६८ च्या फेब्रुवारीत, टेलेमार्कच्या माणसांना बोलावणे आले. सोंद्रे तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. या वयात माणसाने उड्यांच्या स्पर्धेला जाऊ नये असे कोणीही म्हणेल. तो दोघा सोबत्यांबरोबर निघाला. आगगाडी नाही, घोडागाडी नाही. सुमारे दोनशे किलोमीटरची वाट त्यांनी तीन दिवसांत स्कीवरून कापली, आणि लगेच स्पर्धेत उतरले.

इव्हर्सलोक्केन नावाच्या उतारावर राजधानीचे लोक जमले होते. त्यांनी आजवर पाहिलेले खेळाडू दांडा टेकीत, वेग आवरीत उतरत. सोंद्रे दांड्याशिवाय आला. उंचवट्यावरून उडाला, एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवून उतरला, तोल ढळला नाही, आणि खाली आल्यावर एका वळणात थांबला. लोकांना हा चमत्कार वाटला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले, पहिले बक्षीस त्याला मिळाले. त्या दिवशी शहराला एक गोष्ट कळली, की बर्फावरून उतरणे हे केवळ प्रवासाचे साधन नाही; त्यात सौंदर्य आहे आणि ते शिकण्यासारखे आहे. स्कीच्या उड्यांमध्ये आजही केवळ लांबी मोजत नाहीत. पाच परीक्षक उडीच्या डौलालाही गुण देतात, आणि उतरताना एक पाय पुढे नसेल तर गुण कापतात. त्या उतरण्याचे नाव टेलेमार्कच आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कुळाची लकब आज नियमपुस्तकात आहे.

शहराने ही कला उचलली आणि आपल्या पद्धतीने तिची मांडणी केली. १८७९ पासून राजधानीजवळ हूसेबी येथे मोठी स्पर्धा भरू लागली. १८९२ मध्ये ती होल्मेनकोल्लेन टेकडीवर गेली आणि तेथे आजही हजारोंची गर्दी होते. मोर्गेदालचे मिक्केल आणि तोर्यूस हे हेम्मेस्टवाइट बंधू सोंद्रेच्या तालमीत वाढलेले. त्यांनी १८८१ साली राजधानीत स्की शिकविणारी शाळा काढली. तोवर जे पाहून, पडून, पुन्हा उठून शिकायचे ते आता वर्ग भरवून शिकविता येऊ लागले. अशा शाळांविषयी आमच्या पेशातही दोन मते आहेत. समोर बसून घेतलेल्या तालमीची सर तिला नाही हे खरे. पण शाळा नसती तर शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत ही विद्या पोचलीच नसती, हेही खरे. पुढे १८८८ साली फ्रित्योफ नानसेन या नॉर्वेजियन संशोधकाने स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले, त्याचे पुस्तक देशोदेशी गेले, आणि मध्य युरोपातील लोक स्की मागवू लागले. या साऱ्यात सोंद्रेच्या पदरात काय पडले? नाव झाले, बक्षिसे मिळाली. पण जमीन मालकाचीच राहिली आणि खाणारी तोंडे तेवढीच राहिली. उतारावरच्या कसबाला तेव्हा बिदागी नव्हती.

मोठी मुले अमेरिकेला गेली होती. १८८४ साली सोंद्रे आणि रान्नेई उरलेल्या मुलांना घेऊन निघाली. तो त्या वेळी एकोणसाठ वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडची माणसे काशीयात्रेचा विचार करतात. हा माणूस समुद्र ओलांडून नवी जमीन फोडायला गेला. प्रथम मिनेसोटात, नंतर आणखी पश्चिमेला, आजच्या नॉर्थ डाकोटा राज्यात त्याने वस्ती केली. तेथे सरकार वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन कसण्याच्या अटीवर देत असे. जन्मभर कूळ राहिलेल्या माणसाला हे आमिष केवढे असेल! जमीन मिळाली, थंडी मिळाली, बर्फही मिळाले. मिळाला नाही तो उतार. डाकोटाचे ते माळरान क्षितिजापर्यंत सपाट आहे. ज्याच्या अंगात उताराची सारी विद्या होती, त्याच्या वाट्याला आयुष्याच्या अखेरीस बर्फाचे एक सपाट ताट आले. घराच्या दाराशी मात्र त्याच्या स्की उभ्या असत, असे तेथील लोक सांगत आले आहेत.

त्याच सुमारास, १८८७ साली, मिनेसोटातील रेड विंग गावी अमेरिकेतील स्की-उड्यांची एक आद्य स्पर्धा झाली आणि ती मिक्केल हेम्मेस्टवाइटने जिंकली. शिष्यही समुद्र ओलांडून आला होता आणि त्याला डोंगर मिळाला होता. सोंद्रे शेतावर होता. उतारवयात त्याचे मन धर्माकडे वळले होते. ९ मार्च १८९७ रोजी तो वारला. वसाहतीतील नॉर्वेजियन लोकांच्या लुथरन चर्चच्या दफनभूमीत, डेनबी गावाजवळ, त्याला पुरले. थडग्यावर नाव लिहिलेला दगड बसला नाही.

सोंद्रे गेला, पण त्याच्या वाटांचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय त्याचे चरित्र पुरे होत नाही. त्या एकेक करून वेगळ्या झाल्या. नॉर्वेकरांनी उडी आणि लांब पल्ल्याची धाव यांना मान दिला. वळणांची वाट आल्प्स पर्वतात गेली. ऑस्ट्रियात लिलियनफेल्ड येथे माथियास झ्डार्स्की याने १९०५ मध्ये काठ्यांच्या फाटकांतून वळणे घेण्याची कसोटी लावली. १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने आजच्या स्लॅलमचे नियम बसविले; डौल नको, केवळ घड्याळ पाहा, असा त्यांचा रोख. हे लनसाहेब जन्मले होते आपल्या मद्रासेत, १८८८ साली. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये उतरण आणि स्लॅलम मिळून एक स्पर्धा प्रथम झाली. तीत नॉर्वेचा बिर्गर रूद याने उतरणीचा भाग जिंकला, आणि त्याच ऑलिंपिकात उड्यांचे सुवर्णपदकही घेतले. एकाच माणसाने दोन्ही वाटांवर पहिले येण्याचे असे दिवस त्यानंतर फार राहिले नाहीत.

मग अमेरिकेतच एक नवे खेळणे निघाले. १९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक रुंद फळी केली. तीवर उभे राहून, समुद्राच्या लाटेवर खेळतात तसे, टेकडीवरून घसरायचे. पाय बांधलेले नसत. टोकाला दोरी असे, ती हातात धरायची. १९६८ पासून तिच्या स्पर्धाही भरू लागल्या. १९७९ च्या अशाच एका स्पर्धेत जेक बर्टन हा तरुण व्हरमाँटहून स्वतः बनविलेली फळी घेऊन आला. तिला पायाची बंधने होती. इतर स्पर्धकांनी हरकत घेतली. हे नियमात नाही म्हणाले. शेवटी त्याच्यासाठी निराळा खुला गट काढावा लागला, आणि तो त्याने जिंकला. मोर्गेदालच्या वाळुंजाच्या वेढ्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पाय फळीला बांधण्याची तीच युक्ती पुन्हा एकदा नवी ठरली.

स्नोबोर्डवाल्यांना प्रारंभी बहुतेक डोंगरांवर मज्जाव होता. स्कीची शिस्त मानणाऱ्यांना ही पोरे उनाड वाटत. त्यांनीही सुरुवातीला सारे काही एकाच फळीवर केले: शर्यत, उडी, कसरत. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सोडा स्प्रिंग्ज येथे जी विश्वस्पर्धा झाली तीत हाफपाइप हा प्रकार आला. अर्ध्या कापलेल्या नळासारखी बर्फाची घळ, तिच्या दोन्ही भिंतींवर झुलत वर जायचे, हवेत गिरक्या घ्यायच्या आणि परत घळीत उतरायचे. शर्यतीच्या बाजूच्या लोकांना हे आपल्या खेळात नको होते. येथून वाटणी सुरू झाली. एका बाजूला घड्याळ, दुसऱ्या बाजूला परीक्षक.

१९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आला, आणि तो हेच दोन प्रकार घेऊन आला: घड्याळाची जायंट स्लॅलम आणि परीक्षकांची हाफपाइप. पुढे घड्याळाच्या बाजूला दोघे शेजारीशेजारी उतरणारी समांतर शर्यत आली, २००६ मध्ये टेकाडे आणि उड्यांच्या मार्गावर अनेकांनी एकदम धावण्याचा क्रॉस आला. परीक्षकांच्या बाजूला २०१४ मध्ये अडथळ्यांवरून कसरती करण्याचा स्लोपस्टाइल आणि २०१८ मध्ये एकाच महाकाय उडीचा बिग एअर आला. समांतर स्लॅलम २०१४ मध्ये एकदाच दिसला आणि ऑलिंपिकमधून गेला. २०२२ पर्यंत स्नोबोर्डच्या अकरा स्पर्धा झाल्या होत्या. ही यादी वाचताना मला मोर्गेदालची बोली आठवते. टेकाडांची वाट, उड्यांची वाट, वळणांची वाट, बेफिकीरीची वाट. नावे इंग्रजी झाली, प्रत्येकीला वेगळे मैदान, वेगळी फळी, वेगळा परीक्षक मिळाला. क्वचित एखादी कुंपण ओलांडते. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टेर लेडेत्स्का हिने एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीवरची सुपर जायंट स्लॅलम जिंकली आणि आठवडाभरात स्नोबोर्डवरची समांतर जायंट स्लॅलमही जिंकली. जग चकित झाले. सोंद्रेच्या शेजाऱ्यांना त्यात चकित होण्यासारखे काय, असे वाटले असते.

नागानोच्या वेळची आणखी एक गोष्ट. हाफपाइपमध्ये त्या काळी टेर्ये होकोन्सेन याच्या तोडीचा कोणी नाही असे जाणकार मानीत. तो नॉर्वेचा, आणि नॉर्वेतही टेलेमार्कचाच, मोर्गेदालहून फार दूर नसलेल्या व्हिन्ये भागातला. तो नागानोला गेला नाही. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची संघटना असताना ऑलिंपिकची सूत्रे स्कीच्या महासंघाकडे दिली, हे त्याला पटले नाही. पदक घरी चालून येत असता त्याने ते नाकारले. याला कोणी हट्ट म्हणेल. कला कोणाच्या हाती सोपवायची, हा प्रश्न मात्र त्याने उघड केला. त्याच्या प्रांतातल्या सोंद्रेपुढे तो कधी नीट मांडलाच गेला नव्हता. शहराने बोलाविले, तो तीन दिवस चालून गेला.

सोंद्रेची आठवण मायदेशाने उशिरा का होईना ठेवली. १९५२ चे हिवाळी ऑलिंपिक ओस्लोत भरले तेव्हा त्याचा अग्नी ग्रीसहून आणला नाही. ओव्हरबोच्या त्याच खोपटात, ज्या चुलीपाशी सोंद्रे लहानपणी शेकला असेल तिच्यात, तो पेटविला गेला. ९४ स्कीबाजांनी हातोहाती ती मशाल राजधानीला नेली. शेवटच्या टप्प्यात ती फ्रित्योफ नानसेनचा नातू आइगिल याच्या हाती होती. म्हणजे १८६८ साली सोंद्रे ज्या राजधानीला स्कीवरून गेला होता, तेथेच ही मशाल स्कीवरून गेली. १९६० साली कॅलिफोर्नियातील ऑलिंपिकचा अग्नीही मोर्गेदालहूनच गेला. १९६० च्या दशकातच डाकोटाच्या दफनभूमीत सोंद्रेच्या थडग्यावर दगड बसला. नॉर्थ डाकोटातील मायनट शहरी त्याचा पुतळाही उभा आहे.

१९९४ चे हिवाळी ऑलिंपिक नॉर्वेतील लिलेहामर येथे व्हायचे होते. १९९३ च्या नोव्हेंबरात मोर्गेदालला पुन्हा अग्नी काढला, तोही लाकडावर लाकूड घासून. या वेळी ग्रीसने हरकत घेतली. ऑलिंपिकचा अग्नी ऑलिंपियाचाच असला पाहिजे, दुसरा त्यात मिसळता कामा नये, असे ठरले. मोर्गेदालची मशाल देशभर फिरली, लोक रस्त्यावर येऊन तिला पाहून गेले. परंतु फेब्रुवारीत लिलेहामरला पेटला तो ग्रीसचा अग्नी. मोर्गेदालचा अग्नी त्यानंतर मार्चमध्ये, त्याच गावी, दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिकसाठी वापरण्यात आला.